न निवळणारं पाणी

डोंगरातल्या एका तळ्यावर, वरून येणारा ओढा जिथे पाण्यात शिरतो बरोबर त्या जागी, मी उगाचच एक बाटली भरून घेतली होती. पाऊस नुकताच पडून गेलेला, ओढा तांबूस गढूळ, आणि काठाला उभं राहिलं की खालून दगडावर दगड आपटल्याचा दबका आवाज येत होता, म्हणजे पाण्याखाली गोटे पण सरकत होते. बाटली खडकावर ठेवली आणि बघत बसले. जाड वाळू तर बाटली टेकवेपर्यंतच तळाला गेली. मग बारीक रेती, ती थोडा वेळ गरगरली आणि बसली. म्हटलं आता थोड्या वेळात पाणी निवळेल. नाही निवळलं. संध्याकाळी खोलीवर आणून खिडकीत ठेवली, झोपताना बघितली, सकाळी उठल्या उठल्या बघितली, खाली दोन बोटं गाळ आणि वर तसंच धुरकट पाणी, पलीकडचं झाड सुद्धा त्यातून नीट दिसेना. आणि तेव्हापासून ती बाटली डोक्यातून जात नाहीये.

वीतभर पाण्यात जी माती रात्रभरात खाली बसत नाही, ती पंचवीस मीटर खोल तळ्यात किती दिवस लटकत राहत असेल?

याचं उत्तर काढता येतं, आणि ते काढल्यावर मला जास्तच अस्वस्थ वाटलं. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग, अगदी स्थिर पाण्यात एका दिवसात जेमतेम फूटभर खाली उतरतो. म्हणजे पंचवीस मीटरला अडीच-तीन महिने. आणि तळ्यात पाणी कुठे स्थिर असतं, वारा असतो, रात्री वरचं पाणी गार होऊन खाली जातं, खालचं वर येतं, नवीन पाऊस नवीन माती घेऊन येतो. दोन मायक्रॉनपेक्षा बारीक कण तर आणखी हळू. म्हणजे वरच्या उतारावर एका दुपारी जे होतं त्याची किंमत तळं पुढचे कितीतरी महिने चुकवत राहतं, आणि आपण काठावर उभं राहून म्हणतो की पावसाळ्यात पाणी जरा गढूळ असतंच.

मला आधी वाटायचं नदी तळ्यात शिरते म्हणजे मिसळून जाते. तसं नेहमी होत नाही. गार आणि मातीने जड झालेलं पाणी तळ्याच्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे ते वर पसरत नाही, खाली बुडी मारतं. स्वित्झर्लंडच्या फ्रांस्वा-अल्फोन्स फोरेल यांनी, ज्यांना तळ्यांच्या शास्त्राचे जनक मानतात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जिनिव्हाच्या तळ्यात हेच दाखवलं होतं, ऱ्होन नदीचं गढूळ पाणी तळ्यात आल्यावर खाली जातं आणि तळाशी घळ कोरत पुढे सरकतं. लक्ष देऊन बघितलं तर डोंगरातल्या छोट्या तळ्यावर पण कधीकधी ती रेषा दिसते, अलीकडे मातकट, पलीकडे हिरवं-निळं, आणि त्या रेषेवर काटक्या, पानं, फेस, जे काय तरंगणारं असेल ते सगळं अडकून राहिलेलं. पाणी तिथून खाली जातं म्हणून तरंगणारं तिथे मागे राहतं. मी ती रेषा कितीतरी वेळा बघितली असेल आणि मला ती फक्त सुंदर वाटायची. अजूनही वाटते, हे पण खरं.

जाड माल मात्र पुढे जातच नाही. गोटे, खडी, वाळू तोंडाशीच पडतात आणि तिथे एक उथळ जीभ वाढायला लागते. त्यावर गवत येतं, मग झुडपं, मग गुरं चरायला येतात, मग कुणीतरी पेरणी करतं. तळं मधून आटत नाही, डोक्याकडून जमीन होत होत येतं. नेपाळमधल्या पोखराच्या फेवा तालाचं असंच झालंय. विसाव्या शतकाच्या मध्याला त्याचं क्षेत्र दहा चौरस किलोमीटरच्या आसपास होतं असं नोंदी सांगतात, आज ते जवळपास निम्म्यावर आलंय, आणि हर्पन खोला नावाची नदी जिथे तळ्यात येते त्या पश्चिमेच्या टोकाला गाळाची नवीन जमीन तयार होत गेली. मग ती जमीन कुणाची हा वाद. एकदा पाणी गेलं की सातबारा लगेच येतो, आणि तो आला की पाणी परत आणणं जवळजवळ अशक्य होऊन बसतं.

पण माती निघते कुठून. लहानपणी एकदा दाट जंगलात पावसात अडकलो होतो आम्ही, आणि मला अजून आठवतं की पाऊस सुरू झाला तेव्हा आधी आवाज आला, वर कुठेतरी खूप उंच, आणि पाणी आमच्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. मग ते आलं तरी जमिनीवर वाहताना दिसेना. पायाखाली कुजलेल्या पानांचा जाड थर, त्यात पाय रुतायचा, काठीने उकरलं की खाली काळी भुसभुशीत माती आणि बुरशीचे पांढरे धागे, आणि तो ओला, थोडासा आंबूस वास. इतका पाऊस पडत होता आणि पायवाट सोडून कुठेही ओघळ नव्हता. तो सगळा पाऊस आत जात होता. नंतर मोठेपणी त्याच पद्धतीचा पाऊस एका उघड्या उतारावर अनुभवला, तिथे पहिल्या दहा मिनिटांतच पायाला पाणी लागलं आणि ते पाणी वाहताना त्याच्यात खरखर होती, कण होते.

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने खाली येतो, म्हणजे ताशी तीस किलोमीटर. उघड्या मातीवर असा थेंब आपटला की मातीचं ढेकूळ फुटतं, कण उडतात, आणि सुटलेले बारीक कण जमिनीची छिद्रं बुजवतात. छिद्रं बुजली की पाणी मुरत नाही, मुरत नाही म्हणून वाहतं, वाहतं म्हणून आणखी माती घेतं. आपण समजतो झाडाची पानं पावसाला अडवतात, ते अर्धंच खरं आहे. उंच झाडाच्या मोठ्या पानावरून टपकणारा थेंब जाडजूड असतो आणि खाली येईपर्यंत परत बराच वेग घेतो. सागाच्या लागवडीत खाली पाला जळून गेलेला असेल, झुडपं साफ केलेली असतील, तर वर हिरवं दिसत असून सुद्धा माती धुपते. जमिनीला खरं सांभाळतो तो खालचा पाला, गवत, रोपटी, मुळांची जाळी. म्हणून सॅटेलाइटच्या फोटोत डोंगर हिरवा दिसला म्हणजे तळं सुरक्षित असं अजिबात नाही, आणि हे मला खूप उशिरा कळलं.

झाड तोडल्यावर लगेच सगळं कोसळत नाही, ही गोष्ट तर फार फसवी आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रुक नावाचं एक संशोधनाचं जंगल आहे, तिथे १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका अख्ख्या छोट्या पाणलोटातली सगळी झाडं मुद्दाम तोडली, ओंडके तिथेच पडू दिले, रस्ता केला नाही, आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशक मारून काही उगवू दिलं नाही. पहिल्या वर्षी ओढ्याचं पाणी साधारण चाळीस टक्क्यांनी वाढलं, आणि नायट्रेट कितीतरी पटींनी. जंगल जी खतं स्वतःच्या पोटात फिरवत ठेवतं ती सगळी पाण्यावाटे निघून जायला लागली. माती वाहायला मात्र वेळ लागला, कारण जुनी मुळं आणि ओढ्यात पडलेल्या फांद्या तिला अजून धरून होत्या. तीव्र उतारावर हेच दुसऱ्या रूपात दिसतं. तोडलेल्या झाडाची मुळं काही वर्षं जमिनीत तशीच राहतात, मग कुजतात, नवीन मुळं अजून तेवढी जाड झालेली नसतात, आणि साधारण तीन ते पंधरा वर्षांच्या त्या मधल्या काळात दरडी सगळ्यात जास्त सुटतात. तोवर तोडणारा निघून गेलेला असतो, ठेका संपलेला असतो, आणि दरड आली की सगळे म्हणतात यंदा पाऊसच भयंकर होता.

पाऊस भयंकर असतोही. नैनितालला १८ सप्टेंबर १८८० ला तळ्यावरच्या शेर का डांडा या डोंगराचा उतार खाली आला आणि १५१ माणसं गेली, त्याच्या आधी सलग दोन दिवस धुवांधार कोसळत होता. नंतर तिथे उतारांवर नाल्यांचं जाळं बांधलं, पाणी डोंगरात मुरून घात करू नये म्हणून. आज त्याच नाल्यांवाटे बांधकामाची माती, राडारोडा, कचरा थेट तळ्यात उतरतो. डोंगर वाचवायला केलेली वाट तळ्याच्या पोटात जाते, याचा दोष नेमका कुणाला द्यायचा हे मला ठरवता येत नाही.

तळ्यात गेल्यावर ती माती काय करते तर पहिल्यांदा उजेड कमी करते. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पाण्याची पारदर्शकता मोजायला एक पांढरी थाळी दोरीने खाली सोडायची पद्धत वापरली, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, झालं. इतकी साधी गोष्ट आजही जगभर वापरतात. कॅलिफोर्निया-नेव्हाडाच्या सीमेवर सिएरा नेव्हाडा डोंगरात ताहो नावाचं तळं आहे, तिथे १९६८ मध्ये ही थाळी सरासरी ३१ मीटरपर्यंत दिसायची. एकतीस मीटर, म्हणजे दहा मजली इमारत पाण्यात उभी केली तर गच्चीवरून तळमजला दिसेल. अलीकडच्या वर्षांत ती वीस मीटरच्या आसपास दिसेनाशी होते. शोध घेतला तेव्हा सूक्ष्म शेवाळ होतंच, पण मोठा दोष निघाला तो सोळा मायक्रॉनपेक्षा बारीक मातीच्या कणांचा, रस्त्यांवरून, वस्त्यांमधून धुवून येणाऱ्या. माझ्या बाटलीतले, सकाळपर्यंत न बसलेले, तेच हे.

त्याच ताहोच्या तळाच्या गाळात आणखी एक गोष्ट सापडली आणि ती वाचताना मला खरंच भरून आलं. १८६० नंतरची तीसेक वर्षं त्या तळ्याभोवतीचं जंगल नेव्हाडातल्या चांदीच्या खाणींना लाकूड पुरवायला प्रचंड प्रमाणात तोडलं गेलं. तळाच्या गाळात त्या काळात माती साचण्याचा वेग एकदम वाढलेला दिसतो. मग तोड थांबली, जंगल हळूहळू परत आलं, आणि वेग पुन्हा खाली आला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वस्त्या, हॉटेलं, रस्ते वाढले तसा परत वाढला. म्हणजे ओरबाडलेला डोंगर सावरू शकतो, तळं सावरू शकतं, हे कुणाच्या आशेतून आलेलं वाक्य नाहीये, तळाला तशी नोंद आहे.

या नोंदी वाचायची कला पण थक्क करणारी आहे. काही तळ्यांत दरवर्षी एक फिकट आणि एक गडद असा जोड थर बसतो, स्वीडनच्या जेरार्ड दे गेर यांनी हे थर मोजून बर्फ वितळण्याचा इतिहास वर्षावर्षाने लावला. त्यांच्याच देशातल्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये गाळातल्या परागकणांवरून कुठल्या काळात कुठली झाडं होती हे मांडून दाखवलं. आणि अलीकडच्या थरांसाठी तर अणुचाचण्यांमधून हवेत पसरलेला किरणोत्सर्गी सीझियम उपयोगी पडतो, १९६३ च्या आसपास त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, तो थर सापडला की त्यावर किती गाळ साचला ते मोजायचं. फ्रेंच आल्प्समध्ये दोन हजार मीटरहून उंचावर आंतेर्न नावाचं तळं आहे, तिथल्या गाळात मेंढ्यांचा आणि गाईगुरांचा डीएनए मिळाला, आणि साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, रोमन काळाच्या सुमारास, जनावरं वाढली तशी धूपही वाढलेली दिसली. तेव्हा ना डोझर होता ना डंपर, तरीही.

आता इथे मला स्वतःलाच थोडं अडवावं लागतं. सगळा गाळ माणसाने आणला असं म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. १९७० च्या दशकात हिमालयाबद्दल असंच चित्र रंगवलं गेलं, डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याने सरपणासाठी जंगल तोडलं म्हणून खाली मैदानात पूर येतात. १९८० च्या दशकात जॅक आयव्हस आणि ब्रुनो मेसेर्ली या भूगोलाच्या अभ्यासकांनी या मांडणीला जोरदार आव्हान दिलं. हिमालय अजून उंचावतोय, तो स्वतःच प्रचंड माती सोडतो, माणूस नसता तरी सोडली असती. मोठ्या नद्यांच्या बाबतीत हे मान्यच करायला हवं. प्रत्येक तळं कधी ना कधी भरणारच असतं, ते पण खरं. पण छोट्या पाणलोटाच्या छोट्या तळ्याला हिमालयाचा हिशोब लावून चालत नाही. तिथे एका उतारावर काय झालं याने फरक पडतो, डोळ्यांदेखत पडतो. हजारो वर्षांत व्हायचं ते एका माणसाच्या आयुष्यात होत असेल तर ते निसर्गाच्या नावावर खपवणं मला पटत नाही.

आणि भरण्याआधीच खूप काही मरतं. डोंगरातल्या थंड पाण्यातले ट्राऊटसारखे मासे खडीच्या फटीत अंडी घालतात, त्या फटीतून पाणी खेळतं म्हणून अंड्यांना प्राणवायू मिळतो. बारीक गाळ त्या फटी लिंपून टाकतो. पाणी तेवढंच असतं, थंडही असतं, मासा आत असतो, पण पिल्लू बाहेर येत नाही. काठावरच्या दगडांवर बसणारं हिरवं, त्यावर जगणारे किडे, तेही झाकले जातात. मातीच्या कणांना फॉस्फरस चिकटून येतो, तो तळाशी बसतो, आणि उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की परत पाण्यात सुटतो. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४० च्या सुमारास इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या तळ्यांवर काम करून हे दाखवलं होतं. म्हणजे वरून येणारी माती आज संपूर्ण थांबली तरी आधीचा गाळ पुढची कितीतरी वर्षं आतून शेवाळाला खाऊ घालत राहतो. पाणी हिरवं पडलं, वास यायला लागला की लोक म्हणतात आता काय झालं. आता काही झालेलं नसतं, आधीच होऊन गेलेलं असतं.

झाडं लावा म्हणणाऱ्यांना मी पूर्वी डोळे झाकून हो म्हणायचे. काश्मीरमधल्या वुलर तळ्याबद्दल वाचलं आणि थांबले. झेलम त्या तळ्यात गाळ आणते, आणि तळ्याच्या काठच्या उथळ भागात सरपणासाठी लाखो विलोची झाडं लावली गेली. ती झाडं वाहत्या पाण्याला अडवायची, पाणी मंदावलं की गाळ तिथेच बसायचा, गाळ बसला की जमीन वर यायची आणि आणखी झाडं. शेवटी तळं वाचवायचं म्हणून तीच झाडं तोडायची वेळ आली. म्यानमारच्या शान डोंगरांतल्या इनले तळ्याचं मोकळं पाणी १९३५ ते २००० मध्ये ६९ चौरस किलोमीटरवरून ४७ च्या खाली आलं, भोवतालच्या डोंगरांवरून माती येतेच, पण मोकळं पाणी कमी होण्यातला मोठा वाटा पाण्यावर तरंगत्या बागांचा आहे, लोक त्यावर टोमॅटो पिकवतात आणि पोट भरतात. त्यांना काय सांगणार. मला अशा वेळी राग कुणावर धरायचा तेच कळत नाही, आणि राग न धरता काळजी करत राहणं जास्त दमवतं.

मग उपाय म्हणून गाळ उपसायला पोकलेन येतात. काही ठिकाणी त्याशिवाय गत्यंतर नसतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण वरून नळ चालू ठेवून खालची फरशी पुसत बसायचं असा तो प्रकार होतो. उपसलेला ओला गाळ टाकायला जागा लागते, उपसताना तळ ढवळून निघतो आणि आत दबलेला फॉस्फरस वर येतो, आणि पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत तोंडाशी तीच जीभ परत दिसायला लागते. ओढ्याच्या तोंडाशी गाळ अडवायला वेगळं कुंड केलं, वर नालाबांध घातले, उताराला समतल चर दिले, चराई काही वर्षं थांबवून गवत येऊ दिलं, तर फरक पडतो. पण ते कुंड जाड वाळू अडवतं. बारीक कण त्यातून सरळ पलीकडे जातात, त्यांना अडवायची जागा एकच, जिथून ते सुटतात ती.

फेवाच्या पाणलोटात १९७० आणि ८० च्या दशकांत उतारांवर बरंच काम झालं, गावांनी जंगलं सांभाळली, आज त्यातले पुष्कळ डोंगर तेव्हापेक्षा हिरवे आहेत. तरी गाळ येतोच, कारण आता डोंगरात कच्चे रस्ते आलेत. डोझर लावून उतार कापायचा, निघालेली माती पात्याने तिथल्या तिथे खाली ढकलायची, पाण्याला गटार नाही, मोरी नाही, मग पहिल्या पावसात रस्ताच ओढा होतो. असा रस्ता कापताना मी दुसऱ्या एका डोंगरात जवळून बघितलाय. खालच्या बाजूची झाडं ढकललेल्या मातीत अर्धी गाडली गेलेली, साल सोललेली, वरचे शेंडे मात्र अजून हिरवेगार, आणि ताज्या कापलेल्या मातीचा तो वास, जो एरवी मला खूप आवडतो. रस्ता नको असं मला म्हणता येत नाही. वरच्या वस्तीतल्या बाळंतिणीला खांद्यावरून खाली आणावं लागू नये, मुलांना शाळेत वेळेवर पोचता यावं, एवढं मागणं अजिबात जास्त नाही, आणि मी स्वतः ज्या तळ्यांवर गेले तिथे रस्त्यानेच गेले.

पण कापलेली माती कुठे नेऊन टाकायची, पाणी कुठे कुठे बाहेर काढायचं, उघड्या कड्यावर गवत कधी लावायचं, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवता येतं आणि पावसाळ्याआधी संपवता येतं. तळ्याच्या नावाने निधी येतो तेव्हा त्यातला पहिला हिस्सा तिथे, वर, त्या कापलेल्या उताराच्या पायथ्याशी जायला हवा असं माझं म्हणणं आहे. काठावरच्या फरश्या, कारंजी आणि रंगीत दिवे नंतर बघू.